करंज : पाने भरपूर

जुलै २०२४ ते मे २०२५ या काळात नववी ‘ब’मधल्या ५४ मुलामुलींनी आणि मी शाळेच्या आसपासच्या १२ झाडांची दर शनिवारी नोंद ठेवली. ऐकताना हे किरकोळ वाटते आणि सुरुवात करताना मलाही ते तसेच वाटले होते. प्रत्यक्षात परवानग्या, पाऊस, सुट्ट्या, निवडणुकीचे काम, परीक्षा आणि या सगळ्याच्या मधोमध उघडकीला आलेली एक लबाडी यांतून वाट काढता काढता वर्ष संपले. दुसऱ्या शाळांतल्या दोघीतिघींनी ‘आम्हालाही करायचे आहे, पण सुरुवात कुठून करायची’ असे विचारले, म्हणून जे झाले ते तारखांसकट लिहून ठेवते आहे.

पुण्याच्या कोथरूड भागातल्या एका मराठी माध्यमाच्या अनुदानित शाळेत मी २२ वर्षे विज्ञान शिकवते आहे. भौतिक आणि रसायनाचे धडे दुसऱ्या सरांकडे, जीवशास्त्राचे माझ्याकडे, अशी आमची जुनी वाटणी आहे. या उपक्रमाचे निमित्त ठरला एक साधा प्रश्न. आठवीच्या शेवटच्या चाचणीत मी ‘पानझडी वृक्षाचे एक उदाहरण लिहा’ असे विचारले होते आणि ४७ जणांनी ‘साग’ असे लिहिले होते. उत्तर बरोबर असल्याने गुणही दिले होते. जूनमध्ये तीच मुले नववीत समोर बसली तेव्हा साग कोणी पाहिला आहे, असे मी सहज विचारले. सहा हात वर झाले. खोदून विचारल्यावर त्यांतल्या चौघांनी सागाचे दार पाहिले होते असे निघाले. वर्गाच्या खिडकीतून जी काटेसावर दिसते आणि जी दर हिवाळ्यात आमच्या डोळ्यांदेखत पाने गाळून उभी असते, तिचे नाव मात्र एकालाही सांगता आले नाही. त्यांना दोष कसा देणार? मीही ते कधी सांगितले नव्हते.

झाडांच्या ऋतुचक्राची नोंद ठेवणारा ‘सीझनवॉच’ नावाचा देशव्यापी उपक्रम आहे. एक झाड निवडायचे, दर आठवड्याला त्याच्याकडे जायचे आणि पाने, फुले, फळे यांच्या वेगवेगळ्या अवस्थांसमोर ‘नाही’, ‘थोडी’ किंवा ‘भरपूर’ एवढेच लिहायचे, ही त्याची पद्धत. केरळातल्या शाळांचा त्यात मोठा सहभाग आहे. तिथे एप्रिलच्या मध्याला येणाऱ्या विषूच्या सणाला बहाव्याची फुले लागतात, त्यामुळे बहावा वेळेवर फुलला की नाही हा तिथे घरोघरचा विषय असतो. आम्ही ती पद्धत उचलली. फक्त मुलांच्या हातात फोन नको म्हणून नोंदी वहीतच ठेवायचे ठरवले. प्रयोगशाळा नको, रसायने नकोत, खर्चही बेताचा, म्हणून मी हे निवडले होते. परवानग्यांचा विचार तेव्हा मनातही नव्हता.

२२ जूनला मी अर्ज दिला. मुख्याध्यापिका बाईंनी तो शांतपणे वाचून एकच प्रश्न विचारला : ‘मुले फाटकाबाहेर जाणार का?’ निवडलेल्या १२ झाडांपैकी ४ आवारात होती आणि ८ बाहेर, पाच मिनिटांच्या अंतरात. माझ्या अर्जात उत्साहाच्या भरात ‘दर आठवड्याची छोटी वृक्षसहल’ असे शब्द पडले होते. ‘सहल’ हा शब्द कागदावर आला की त्यामागे प्रस्ताव, विमा, वरच्या कार्यालयाची मंजुरी अशी सगळी वरात येते, हे मला बाईंनी समजावले आणि अर्ज परत दिला. दुसऱ्या अर्जात मी ‘अभ्यासक्रमाशी संलग्न क्षेत्रभेट’ असे लिहिले, नववीच्या ‘वनस्पतींचे वर्गीकरण’ आणि ‘परिसंस्थेतील ऊर्जाप्रवाह’ या धड्यांचा उल्लेख केला, जायची-यायची वेळ, रस्ता आणि सोबत असणाऱ्या शिक्षकांची नावे जोडली. तो तीन दिवसांत मंजूर झाला. क्षेत्रभेट हा शब्द मुलांना भूगोलाच्या पुस्तकातूनही ओळखीचा असतो, तेव्हा तो वापरण्यात काही खोटे नाही; पण कोणता शब्द कोणत्या फायलीत नेऊन टाकतो हे आधी माहीत असलेले बरे.

पालकांची संमतीपत्रे गोळा व्हायला ११ दिवस लागले. बाहेरच्या झाडांपैकी दोन एका सोसायटीच्या आवारात होती, आणि तिथल्या सचिवांना शाळेच्या लेटरहेडवर, शिक्क्यासह आणि जावक क्रमांक टाकलेले पत्र हवे होते. पत्र दिले, त्यांच्या समितीची सभा झाली, ‘मुलांनी गाड्यांना हात लावायचा नाही’ या अटीवर परवानगी आली. यात १९ दिवस गेले. अशा प्रत्येक पत्राची पोच घेऊन ती एका फायलीत लावा. वर्षभरात मला ती फाइल तीनदा काढून दाखवावी लागली, त्यात एकदा सोसायटीचे नवे सचिव आले तेव्हा.

खर्च असा झाला : जाड पुठ्ठ्याच्या १२ वह्या ७२० रुपये, दहापट मोठे दाखवणारी १२ हातभिंगे १,४४० रुपये, झाडाला सुतळीने बांधायच्या लॅमिनेट केलेल्या १२ पाट्या ३६० रुपये, आणि संमतीपत्रांच्या प्रती १०८ रुपये. एकूण २,६२८. शाळेच्या विज्ञान निधीतून १,५०० मिळाले, उरलेले मी घातले. पाट्या खिळ्याने ठोकू नयेत हे मुलांना वेगळे सांगावे लागले नाही, कारण रस्त्यावरच्या झाडांत ठोकलेल्या जाहिरातींचे गंजके खिळे त्यांनी पहिल्याच दिवशी मोजले होते. हातभिंगांच्या बाबतीत मात्र माझी चूक झाली. स्वस्तातली प्लॅस्टिकची घेतली, आणि ऑगस्टपर्यंत पाच भिंगांवर इतके ओरखडे उठले की त्यांतून पाहण्यापेक्षा नुसत्या डोळ्यांनी बरे दिसे.

शनिवार, १३ जुलैला पहिली नोंद झाली. ५४ मुलांचे १२ गट, कुठे चौघे, कुठे पाच जण. शनिवारी आमची शाळा सकाळची असते, त्यामुळे शेवटची २५ मिनिटे मिळाली. एक रस्ता शारीरिक शिक्षणाच्या सरांनी सांभाळला, एक मी, आणि फाटकाशी शिपाई मामा उभे राहिले. पहिल्या दिवसाचा गोंधळ सांगण्यासारखा आहे. ‘बाई, पान कोवळे केव्हापर्यंत म्हणायचे?’ या एका प्रश्नावर चार गट अडले होते आणि खरे तर मीही अडले. पुढच्या आठवड्यात प्रत्येक गटाने आपल्या झाडाचे एक कोवळे आणि एक जून पान दाबून वहीच्या पहिल्या पानावर चिकटवले आणि शंका आली की त्याच्याशी ताडून पाहायचे असे ठरले. हे सुरुवातीलाच केले असते तर बरे झाले असते. पाऊस होताच. २५ जुलैला पुण्यात नदीकाठच्या वस्त्यांमध्ये पाणी शिरले, शाळांना सुट्टी दिली गेली, आणि त्या शनिवारी जेमतेम पाच गटांच्या नोंदी झाल्या. वह्यांना प्लॅस्टिकचे आवरण आम्ही त्यानंतर घातले.

ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये सगळे सुरळीत चालले होते, निदान मला तसे वाटत होते. दर सोमवारी १२ वह्या माझ्या टेबलावर येत, मी तपासत असे, म्हणजे पानाच्या खाली लाल पेनाने ‘पाहिले’ असे लिहून सही करत असे. मुले उत्साहात होती, शिक्षक-खोलीत कौतुक झाले होते, आणि एका सहकाऱ्याने तर हा उपक्रम जिल्हा पातळीवर पाठवा असे सुचवले होते. पाठवला नाही हे नशीब.

ऑक्टोबरमध्ये प्रथम सत्राची परीक्षा झाली आणि दिवाळीची सुट्टी लागली. प्रत्येक गटातले एक-दोन जण शाळेजवळच राहतात, त्यांनी आळीपाळीने नोंदी चालू ठेवाव्यात असे मी सांगितले होते. सुट्टीनंतर शनिवार, १६ नोव्हेंबरला वह्या गोळा केल्या आणि घरी जाताना सहज सात क्रमांकाच्या झाडापाशी थांबले. तो रस्त्याकडेचा करंज होता. होता म्हणजे बुंधा होता. पुरुषभर उंचीच्या वरच्या सगळ्या फांद्या गेलेल्या, कापल्याच्या जागा गोल, फिकट पिवळट, आणि त्यांच्या कडांना डिंकासारखे काहीतरी सुकलेले. समोरच्या इमारतीचे वॉचमन काका म्हणाले, ‘तारांना लागत होत्या ना, दिवाळीच्या आधीच्या सोमवारी छाटल्या.’ दिवाळीच्या आधीचा सोमवार म्हणजे २८ ऑक्टोबर. मी तिथेच फूटपाथवर पिशवीतून सात नंबरची वही काढली. २ नोव्हेंबर : जून पाने भरपूर, शेंगा थोड्या. ९ नोव्हेंबर : जून पाने भरपूर, शेंगा थोड्या. अक्षर सुरेख होते.

रविवारी उरलेल्या वह्या नीट वाचल्या, पहिल्यांदाच. आणखी सहा वह्यांत सुट्टीतल्या नोंदी एकाच बैठकीत, एकाच पेनाने लिहिल्याचे स्पष्ट दिसत होते. मागे जात गेले तेव्हा सप्टेंबरमधलीही काही पाने तशीच निघाली, आणि त्या प्रत्येक पानाखाली माझे लाल ‘पाहिले’ होते.

सोमवारी, १८ नोव्हेंबरला मी वर्गात बोलले. आवाज चढला होता, हे कबूल करते. वही उघडून करंजाची नोंद वाचून दाखवली आणि झाडाची आजची अवस्था सांगितली. वर्गात कोणी हसलेही नाही. मग सात नंबरच्या गटातली एक मुलगी उभी राहिली. एरवी फारशी न बोलणारी. ती म्हणाली, ‘बाई, चुकलं आमचं. पण प्रयोगवहीत पण आपण निरीक्षण आधीच लिहितो ना?’

तिच्या स्वरात उद्धटपणा नव्हता, खरोखरची शंका होती. आणि तिचे म्हणणे बरोबर होते. मनुका पाण्यात ठेवल्यावर फुगतात हा परासरणाचा प्रयोग घ्या. आमच्याकडे साहित्य, कृती, निरीक्षण, अनुमान हे चारही मथळे फळ्यावरून उतरवून घेतले जातात आणि वेळ उरला तर मग मनुका भिजतात. न फुगलेली मनुका कोणाच्याही वहीत नसते. तपासणीच्या आधीच्या आठवड्यात ‘वही पूर्ण करा’ म्हणून मागे लागणारी मीच असते, आणि पूर्ण या शब्दाचा अर्थ एकही चौकट रिकामी नसणे हाच असतो. करंजाच्या गटाने मी शिकवले तेच केले होते. चौकट रिकामी ठेवली नव्हती.

पुढचे दोन दिवस मी विधानसभेच्या मतदानाच्या कामावर होते. १९ला साहित्य ताब्यात घेणे, २०ला मतदान. केंद्रावर दर दोन तासांनी किती मते पडली याचा आकडा कळवावा लागतो आणि शेवटी नमुना १७-सीमध्ये यंत्रावरची एकूण मते लिहून प्रतिनिधींच्या सह्या घ्याव्या लागतात. दुपारी तीनच्या आकड्यासाठी तीन वाजेपर्यंत थांबावेच लागते. त्या खुर्चीत बसल्या बसल्या मी मतदार चिठ्ठीच्या पाठीवर वर्गासाठी नवे नियम लिहून काढले.

शुक्रवारी ते वर्गासमोर ठेवले आणि त्यांवर चर्चा होऊन थोडे बदलही झाले. झाडाकडे जाता आले नाही तर ‘नोंद नाही’ असे लिहायचे, समोर खरे कारण लिहायचे, आणि अशा नोंदीला प्रत्यक्ष नोंदीइतकीच किंमत असेल. कोणीही रागावणार नाही, मी तर नाहीच. गटातल्या दोघांनी आधी एकमेकांना न दाखवता लिहायचे आणि मग ताडून पाहायचे, फरक आला तर दोन्ही ठेवायचे. दर आठवड्याला तक्त्यात न बसणारी एक तरी गोष्ट पानाच्या तळाशी लिहायची. खिडकीबाहेरच्या काटेसावरीची नोंद मीही ठेवायची आणि माझी वही मुलांनी तपासायची. शेवटचा नियम मुलांनी घालायला लावला. जुन्या खोट्या नोंदींचे काय करायचे यावर बराच वाद झाला. पाने फाडून टाकावीत असे अर्ध्या वर्गाचे मत होते. अखेर खालचे अक्षर वाचता येईल अशी एकच लाल रेघ मारून समोर तारीख आणि सही करायची असे ठरले. एकूण ३८ नोंदींवर रेघ आली. त्यांतल्या ११ माझ्या लक्षातही आल्या नव्हत्या, मुलांनी आपणहून सांगितल्या.

पहिल्याच शनिवारी १२पैकी पाच वह्यांत ‘नोंद नाही’ आले. कारणे : क्लास होता, ताप होता, विसरलो, विसरलो, आणि एकात ‘कंटाळा आला’. उपक्रम आता बुडणार असे मला त्या दिवशी वाटले. दोन आठवड्यांत ही संख्या एकावर आली. का आली याचे उत्तर माझ्याकडे नाही. कदाचित रिकामी चौकट डोळ्यांसमोर राहिली की ती खुपते.

तळाच्या ओळीने मात्र मला थक्क केले. डिसेंबरच्या सुरुवातीला उंबराच्या वहीत लिहिले होते : ‘फुले कधीच नाहीत. मग फळे कुठून?’ वर्गात विचारल्यावर एकाने सांगितले की उंबराचे फूल कोणाला दिसतच नाही असे आजी म्हणते, आणि कोणी फार दिवसांनी घरी आले की ‘उंबराचं फूल झालास’ असेही म्हणते. आम्ही ते पाहायचे ठरवले. आमचा उंबर एका पाराजवळ आहे, पारावर दत्ताची तसबीर आहे, आणि दत्तजयंती जवळ आली होती. रोज दिवा लावणाऱ्या आजींना विचारले. त्या म्हणाल्या, ‘देवाचं झाड आहे, पण शिकायला हवं असेल तर चार घ्या. पाचवं घेऊ नका.’ वेगवेगळ्या आकारांची चार उंबरे घेतली.

प्रयोगशाळेत पहिले, सर्वांत लहान, हिरवे उंबर ब्लेडने उभे कापले. आतली पोकळी बारीक बारीक देठांसारख्या कणांनी गच्च भरलेली होती. भिंगाखाली धरल्यावर तो प्रत्येक कण म्हणजे एक मादी फूल आहे हे दिसले. म्हणजे ज्याला आपण फळ म्हणतो ती फुलांची पिशवीच आहे आणि फुले आतल्या बाजूला तोंड करून बसलेली आहेत. तिसरे, सगळ्यांत मोठे आणि नुकते रंगू लागलेले उंबर कापले आणि ब्लेडच्या पात्यावर काहीतरी हलले. मिलिमीटर-दोन मिलिमीटरचे, काळपट, पंखवाले कीटक बाहेर येत होते. आत तांबूस-पिवळे, पंख नसलेले दुसरे कीटक वळवळत होते. गांधीलमाशीच्या दूरच्या नात्यातले हे कीटक, सेरॅटोसोलेन नावाच्या प्रजातीतले. पंख नसलेले ते नर. ते माद्यांशी समागम करतात, उंबराच्या भिंतीतून बाहेर जायची वाट कोरतात आणि बहुधा तिथेच मरतात. माद्या अंगावर पराग घेऊन त्या वाटेने बाहेर पडतात, दुसरे कोवळे उंबर शोधतात आणि त्याच्या टोकावरच्या चिंचोळ्या भोकातून आत शिरताना स्वतःचे पंख गमावतात. हे मी पाठ्यपुस्तकांपलीकडच्या पुस्तकांत वाचले होते. २२ वर्षांत उंबर कापून मात्र कधी पाहिले नव्हते. एक मुलगा ओरडला, ‘बाई, ह्याच्या पंखाला पिवळं लागलंय!’ त्यानंतर वर्ग आवरायला मला घंटा झाल्यावर दहा मिनिटे लागली, आणि आमच्या तक्त्यातले उंबराचे ‘फुले’ आणि ‘फळे’ हे दोन्ही रकाने खोडून एकच ‘उंबरे’ असा रकाना करावा लागला.

कोणाला हे करून पाहायचे असेल तर पिकून पडलेली उंबरे उपयोगाची नाहीत, त्यांत मुंग्या आणि अळ्याच सापडतात. झाडावरची, हिरवी असतानाची आणि रंग धरू लागलेली अशी दोन्ही हवीत. ब्लेड शिक्षकानेच हातात धरावे.

जानेवारी २०२५मध्ये शहरात जीबीएसचे, म्हणजे गियाँ-बारे सिंड्रोम या चेतातंतूंच्या आजाराचे, रुग्ण वाढले आणि वर्गात दुसरे काही शिकवणे अवघड झाले. दोन मुलांचे नातेवाईक सिंहगड रस्त्याच्या बाजूला राहणारे होते. दूषित पाण्यातून कॅम्पिलोबॅक्टर जेजुनीसारखा जिवाणू पोटात जातो, शरीर त्याच्याविरुद्ध प्रतिपिंडे तयार करते, पण त्या जिवाणूच्या पृष्ठभागावरचे काही रेणू आपल्या चेतातंतूंवरच्या रेणूंसारखे असल्याने काही जणांत तीच प्रतिपिंडे चेतातंतूंवर उलटतात, हे मी फळ्यावर काढून समजावले. हा आजार एका माणसाकडून दुसऱ्याला लागत नाही हेही सांगितले. मला आठवतो तो त्यानंतरचा प्रश्न. ‘बाई, आज इतके रुग्ण असं बातमीत सांगतात ते आज आजारी पडलेले की आज कळलेले?’ जुलैमध्ये हा प्रश्न आला नसता असे मला वाटते.

पालकसभेत एका वडिलांनी मला बाजूला घेतले. ‘मॅडम, पुढच्या वर्षी दहावी आहे. झाडं बघून काय होणार?’ मी धडे दाखवले, आठवड्याला २५ मिनिटेच जातात हे दाखवले. त्यांचे समाधान झाले नाही. त्यांचा मुलगा त्यानंतर आवारातल्या झाडाच्या गटात आला, म्हणजे फाटकाबाहेर जायला नको. ती तडजोड मला मान्य होती. त्यांची काळजी खोटी नव्हती.

शनिवार, ८ फेब्रुवारीला आम्ही वेताळ टेकडीवर गेलो. त्यासाठी पुन्हा अर्ज, पुन्हा संमतीपत्रे, आणि टेकडी वनविभागाच्या ताब्यात असल्याने तिथेही पत्र देऊन पोच घेतली. ४१ मुले, चार शिक्षक, दोन पालक. पाणी प्रत्येकी दोन बाटल्या सांगा; आम्ही एक सांगितली होती आणि नऊच्या आतच ती संपली. सुतळीचे एक मीटरचे चौकोन टाकून लावलेल्या गिरिपुष्प या परदेशी झाडाखाली आणि मोकळ्या जागेत किती प्रकारच्या वनस्पती आहेत ते मोजायचे होते. गिरिपुष्पाखाली कमी सापडतील असे मी मनात धरून चालले होते. सहापैकी चार गटांत तसे आले, दोघांत उलटे आले. दोन्ही आकडे तसेच ठेवले. फेब्रुवारीत गवत वाळलेले असते, सहा चौकोनांवरून काही ठरवता येत नाही, हे एका मुलीनेच सांगितले, आणि मनात धरलेला अंदाज मी मागे घेतला.

काटेसावर त्याच सुमारास फुलली. पान एकही नाही, आणि तळहाताएवढी मांसल लाल फुले. १५ फेब्रुवारीला सकाळी दहा मिनिटे दोघांनी वेगवेगळे बसून येणारी पाखरे मोजली. एकाने साळुंक्या १४ लिहिल्या, दुसऱ्याने ९. आधीच्या सवयीप्रमाणे दोघांनी ११वर तोड केली असती. आता त्यांनी भांडण माझ्याकडे आणले. बोलता बोलता निघाले की पहिला प्रत्येक वेळी फुलावर उतरलेली साळुंकी मोजत होता आणि दुसरा, तीच साळुंकी दुसऱ्या फांदीवर गेली तर ती पुन्हा मोजत नव्हता. म्हणजे एकाने भेटी मोजल्या आणि दुसऱ्याने पाखरे. दोघेही बरोबर होते. त्या दिवसापासून प्रत्येक तक्त्याच्या वर ‘आम्ही काय मोजतो’ अशी एक ओळ आली.

२१ फेब्रुवारीपासून दहावीची परीक्षा होती, पर्यवेक्षणामुळे माझ्या वहीत त्या काळात दोन वेळा ‘नोंद नाही’ आहे. मुलांनी दोन्ही वेळा तपासून खाली ‘पाहिले’ लिहून सही केली.

त्या वर्षी नववीची वार्षिक परीक्षा एप्रिलच्या अखेरीपर्यंत लांबल्यामुळे शेवटचा तक्ता करायला वेळ मिळाला. आठ तावांचा खाकी कागद जोडून त्यावर १२ झाडे आणि सगळे शनिवार आखले. पानांना हिरवा, फुलांना लाल, फळांना तपकिरी रंग. नोंद नाही तिथे कागद कोरा. दिवाळीच्या ठिकाणी कोऱ्या कागदाचा रुंद पट्टा आहे आणि तक्ता पाहायला येणारा प्रत्येक जण आधी तिथेच बोट ठेवतो. करंजाने डिसेंबरमध्येच कोवळी पाने काढली, पण ती ऋतूने की छाटणीने हे सांगता येत नसल्याने त्याची ओळ मुलांनी वेगळी, तळाशी आखली. वार्षिक परीक्षेतले गुण वाढले का, असे मला विचारतात. वाढले नाहीत, घटलेही नाहीत. प्रयोगवहीत मात्र मी आता निरीक्षणाचा मथळा फळ्यावर लिहीत नाही, आणि यंदा चार जणांच्या मनुका फुगल्या नाहीत अशी नोंद आहे. त्या का फुगल्या नाहीत ते आम्ही शोधले. साखरेचा पाक केलेले भांडे न धुता वापरले होते.

वह्या मेच्या सुट्टीत मुलांकडेच होत्या, नोंदी ठेवायची सक्ती नव्हती. सात नंबरची वही जूनमध्ये परत आली. शेवटचे पान असे आहे :

१० मे : जून पाने थोडी, कळ्या नाहीत. पलीकडच्या गल्लीतला करंज फुलला आहे, आपला नाही.

१७ मे : नोंद नाही. आत्याचे लग्न, सगळे साताऱ्याला.

२४ मे : खूप पाऊस. खिडकीतून पाहिले, नीट दिसले नाही. नोंद नाही.